दार उघडायचं की नाही: भयकथा आणि अद्भुतकथा सुचवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमचा सात-आठ वाचकांचा गट आहे. भयकथा आणि फॅन्टसी हे तुमचं जुनं वेड. पण तुम्ही मनापासून सुचवलेली पुस्तकं गटातली माणसं अर्धवट सोडतात. एक म्हणतो ‘भीतीच वाटली नाही’, दुसरी म्हणते ‘फार भयंकर आहे, झेपलं नाही’, तिसरा शंभर पानांनंतर ‘नावंच लक्षात राहत नाहीत’ म्हणून पुस्तक परत करतो. तर या लोकांना कोणती पुस्तकं सुचवावीत?

मी २६ वर्षं एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे बसलो. त्या टेबलाने शिकवलेली गोष्ट अशी, की पुस्तक नेताना माणूस जे बोलतो त्यावर फार विसंबू नये. परत करताना जे बोलतो किंवा बोलत नाही तिकडे लक्ष द्यावं. ‘छान होतं’ म्हणून जो पुढचं न मागता निघून जातो, त्याला ते छान वाटलेलं नसतं. सुरुवातीची काही वर्षं मीही तुमच्यासारखाच होतो. ज्या पुस्तकाने माझी झोप उडवली ते पुढच्याच्या गळ्यात मारायचं आणि त्याचीही झोप उडेल म्हणून वाट बघायची.

एकदा ते चांगलंच अंगाशी आलं. एक बाई दर आठवड्याला यायच्या, रहस्यकथा भराभर संपवायच्या. ‘आता जरा खरोखर घाबरवणारं द्या,’ म्हणाल्या. मी स्टीफन किंगचं ‘पेट सेमेटरी’ काढून दिलं. वर त्याची हकिगतही सांगितली: लिहून झाल्यावर खुद्द किंगलाच ते फार काळंकुट्ट वाटलं आणि त्याने ते बाजूला टाकलं, जुन्या प्रकाशकाला करारापोटी एक पुस्तक देणं लागत होतं म्हणून ते १९८३ साली बाहेर पडलं. एवढं सगळं सांगितलं, पण पुस्तकात काय आहे ते नाही सांगितलं. रहस्य फोडायचं नाही हे माझं तत्त्व! त्यात एका लहान मुलाचा मृत्यू आहे आणि तो मान्य न करणारा बाप आहे. तिसऱ्या दिवशी बाई आल्या, पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं, शिक्का मारून घेतला आणि एक शब्द न बोलता गेल्या. त्यांच्या घरात वर्षभरापूर्वी काय झालं होतं ते मला नंतर कळलं. आधी कळायचं काही कारण नव्हतं हे खरं, पण पुस्तक देण्यापूर्वी मी एक प्रश्न तरी विचारायला हवा होता.

म्हणून ‘कोणती पुस्तकं’ याचं उत्तर मी जरा उशिरा देणार आहे. आधी माणूस ओळखायचा. त्यासाठी मी वर्षानुवर्षं एक युक्ती वापरतो, ती सांगतो.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची ‘द मंकीज पॉ’ ही कथा १९०२ सालची. पंधरा-वीस मिनिटांत वाचून होते. ती आधी वाचायला द्यायची, मग बोलायचं. (पुढे तिचा शेवट फोडतो आहे, वाचली नसेल तर इथेच थांबा, वाचून या.) एका म्हाताऱ्या जोडप्याच्या हाती माकडाचा वाळलेला पंजा येतो, तीन इच्छा पुऱ्या करणारा. पहिली इच्छा पैशांची. पैसे येतात, पण मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून जातो त्याची भरपाई म्हणून. काही दिवसांनी आई हट्टाने दुसरी इच्छा मागायला लावते: मुलगा परत येऊ दे. रात्री दारावर थाप पडते. आई खाली धावते, साखळी काढते, खालची कडी सरकवते, पण वरच्या कडीला हात पुरत नाही म्हणून खुर्ची ओढते. वरच्या मजल्यावर म्हातारा अंधारात गुडघ्यांवर रांगत पंजा चाचपडतो आहे. पंजा सापडतो, तो तिसरी इच्छा मागतो, थाप थांबते. दार उघडलं तर बाहेर सामसूम रस्ता आणि समोरचा दिवा.

ही कथा वाचून लोक दोनच तऱ्हांनी बोलतात, असा माझा अनुभव. काही म्हणतात, ‘अहो, पण बाहेर काय उभं होतं ते दाखवायला नको?’ त्यांना फसवल्यासारखं वाटतं. बाकीचे म्हणतात, ‘बरं झालं दाखवलं नाही,’ आणि बोलताना त्यांची नजर नकळत दाराकडे जाते. पहिल्यांना दार उघडलेलं हवं असतं, दुसऱ्यांना बंद. तुमच्या गटात भांडण लागतं ते बहुतेक या दोघांतच. ‘भीतीच वाटली नाही’ म्हणणारा आणि ‘झेपलं नाही’ म्हणणारी यांना तुम्ही एकच पुस्तक दिलं होतं ना?

हा फरक काही माझा शोध नाही. ॲन रॅडक्लिफ ही अठराव्या शतकाच्या अखेरीस गाजलेली गॉथिक, म्हणजे जुने किल्ले आणि गूढ भीती यांच्या कादंबऱ्या लिहिणारी लेखिका. तिच्या मृत्यूनंतर १८२६ साली छापलेल्या एका लेखात ती टेरर आणि हॉरर यांना एकमेकांच्या उलट ठरवते: एकाने मन विस्तारतं, जागं होतं; दुसऱ्याने ते आकसतं, गोठून जातं. मराठीत आपण धास्ती आणि थरकाप म्हणू. धास्ती दार उघडण्याआधी असते, थरकाप उघडल्यावर. किंगने १९८१ च्या ‘डान्स मकाब्र’मध्ये खाली आणखी एक पायरी जोडली, सरळ किळस. तो तिथे साधारण असं कबूल करतो, की आधी धास्ती घालायचा प्रयत्न करीन, नाही जमलं तर थरकाप उडवीन, तेही नाही साधलं तर किळस आणीन. त्यात आपल्याला कमीपणा वाटत नाही, असंही तो म्हणतो. मला हा प्रांजळपणा आवडतो. किळस खालच्या पायरीवर आहे म्हणून ती मागणाऱ्या वाचकाला खालचा समजू नका. काही जण दिवसभर डोकं शिणवून येतात आणि त्यांना रक्तमांसच हवं असतं. तीही एक भूक आहे.

आता नावं. दार उघडलेलं हवं असणाऱ्यांना मराठीत पहिलं नाव नारायण धारपांचंच (१९२५ ते २००८). त्यातही त्यांचा ठरलेला नायक ‘समर्थ’ याच्या कथांपासून सुरुवात करून द्या. या कथांचं बळ भीतीत जितकं आहे तितकंच भरवशात आहे: अमंगळ कितीही माजलं तरी समर्थ येतात, आपल्या सोबत्याला, अप्पांना, बरोबर घेतात आणि घडी परत बसते. घाबरायचं आहे पण झोपही हवी आहे अशा वाचकाला याहून चांगलं औषध मला माहीत नाही. ज्याला तो भरवसा नको त्याला ‘लुचाई’ द्या. मात्र देताना सांगून टाका की तिचा सांगाडा किंगच्या ‘सेलम्स लॉट’चा आहे आणि धारपांच्याच ‘शपथ’चा सांगाडा किंगच्या ‘इट’चा. नंतर कळलं तर वाचक चिडतो, आणि तो धारपांवर न चिडता तुमच्यावर चिडतो. आधी कळलं तर उलट दोन्ही वाचून ताडून बघण्यात मजा घेतो. मी तशी जोडी करूनच देत असे.

‘ड्रॅक्युला’ (१८९७) सुचवताना एक इशारा द्यावाच लागतो. पहिली चार प्रकरणं, म्हणजे तरुण वकील जोनाथनची किल्ल्यातली रोजनिशी, आजही जशीच्या तशी लागू पडतात. आरशात न दिसणारा यजमान, भिंतीवरून पालीसारखं उतरणं, सगळं तिथेच आहे. मग कादंबरी इंग्लंडला येते आणि पत्रं, तारा, कात्रणं, डायऱ्या यांतून बरीच पानं सावकाश सरकते. ‘मधे एक पठार आहे, चालत राहा’ एवढं आधी सांगितलं तर निम्मे लोक तरी शेवटाला पोचतात. न सांगितलं तर पठारावरूनच माघारी फिरतात आणि पुस्तक जुनाट आहे म्हणतात.

किंगचं बोलायचं तर ‘इट’ (१९८६) कुणालाही पहिलं म्हणून देऊ नका. हजाराहून जास्त पानं, आणि शेवटाकडे मुलांच्या संदर्भातला एक प्रसंग असा, की तो आवडलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. ‘द शायनिंग’ (१९७७) बरं. बर्फात अडकलेलं रिकामं हॉटेल, दारू सोडू बघणारा बाप. ते भुताइतकंच बापाचं पुस्तक आहे, म्हणून भयकथा न वाचणारेही ते पुरं करतात.

दार बंदच हवं असणाऱ्यांसाठी माझा पहिला हात शर्ली जॅक्सनच्या ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’कडे (१९५९) जातो. त्यात अंधारात हात धरून ठेवण्याचा एक प्रसंग आहे. एवढंच सांगतो, याहून एक शब्द जास्त सांगितला तर तुमचं नुकसान होईल. एम. आर. जेम्सच्या कथांमध्ये जुनी हस्तलिखितं, चर्चं आणि पंडिती गृहस्थ असतात. पहिली आठ पानं काहीच घडत नाही आणि नवव्या पानावर अंथरुणाची चादर हलते. हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१८९८) थोर आहे, पण तिची वाक्यं इतकी वळणावळणाची की मी ती नव्या वाचकाला कधी दिली नाही. भुतं खरी की सांभाळणाऱ्या बाईच्या मनातली, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. त्झवेतान तोदोरोव या समीक्षकाने १९७० साली साहित्यातल्या अद्भुतावर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याने या दोलायमान अवस्थेलाच अद्भुताचा प्राण म्हटलं: खरं की भास, हे ठरत नाही तोवरच ते टिकतं. गटात चर्चा रंगवायची असेल तर ही कादंबरिका बरी. एकट्याने वाचायला द्यायची असेल तर थांबा.

मराठीत या बाजूला रत्नाकर मतकरी (१९३८ ते २०२०). त्यांच्या गूढकथांत भूत असेलच असं नाही. पुष्कळदा शेजारच्या खोलीतलं माणूसच पुरतं. ‘खेकडा’ किंवा ‘मध्यरात्रीचे पडघम’ हे संग्रह हाताशी ठेवा. धारपांच्या वाचकाला मतकरी दिले तर तो ‘मग पुढे काय झालं?’ विचारत येतो, कारण इथे घडी परत बसवायला कुणी येत नाही. आणि जी. ए. कुलकर्णी. त्यांना भयकथाकार म्हटलं तर काही जाणकार माझ्यावर धावून येतील, येऊ देत. ‘पिंगळावेळ’मधली (१९७७) ‘स्वामी’ ही कथा वाचा. एक वाटसरू, एक मठ, आणि अत्यंत आदराने, पाया पडून केलेली कैद. मी वाचलेल्या भयकथांत ती पहिल्या पाचांत आहे. गोष्टीत एकही भूत नाही.

अमेरिकी भयकथाकार लव्हक्राफ्टचं नाव कुणीतरी काढणारच, म्हणून दोन शब्द. ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ (१९२७) ही त्याची सगळ्यात स्वच्छ कथा. तिथून सुरुवात करा, ऑक्टोपसतोंड्या देवांकडे नंतर जा. त्याची विशेषणं सोसावी लागतात. त्याचा वंशद्वेषही काही कथांत उघडउघड आहे, तो सांगून टाकावा. वाचकाला आपण होऊन तो सापडला तर तुम्ही लपवलात असं त्याला वाटतं.

इथेच काय सांगायचं आणि काय झाकायचं हा प्रश्न येतो. पुष्कळांना वाटतं की शेवट झाकला म्हणजे झालं. भयकथेत शेवटाहून नाजूक गोष्ट असते ती भुताची जात, म्हणजे ते कोणत्या प्रकारचं आहे हे. ‘सेलम्स लॉट’ १९७५ साली आली तेव्हा गावात नेमकं काय शिरलं आहे हे वाचकाला हळूहळू उमगत जायचं; आज मलपृष्ठच पहिल्या ओळीत सांगून मोकळं होतं. कुणाला आधी काहीच न सांगता पुस्तक देता येत असेल तर ते तसंच कोरं द्या. ‘कसलं आहे?’ विचारलं तर जागा सांगा, माणसं सांगा, भुताचा प्रकार सांगू नका. ‘एक लेखक लहानपणीच्या गावात परत येतो, टेकडीवरचं एक घर त्याला विसरता येत नाही.’ बस.

पण जात झाकायची म्हणून जखम झाकायची नाही. त्या बाईंच्या प्रसंगानंतर मी एक प्रश्न ठरवून घेतला आणि तो सरसकट सगळ्यांना विचारू लागलो, म्हणजे कुणाला आपल्यालाच विचारलं असं वाटू नये: ‘पुस्तकात कशाशी गाठ पडलेली तुम्हाला चालणार नाही? लहान मूल, बलात्कार, मुकी जनावरं, आत्महत्या, आजारपण?’ बहुतेक जण ‘काहीही चालेल’ म्हणतात. दहातला एक थांबतो आणि म्हणतो, ‘कुत्रं मरायला नको.’ हसू नका. माणसांची मुंडकी उडताना मजेत वाचणारे लोक कुत्र्यापाशी अडतात, हे मी किती वेळा पाहिलंय. रहस्य न फोडता सावध करता येतं: ‘मुलाच्या बाबतीत वाईट घडतं, मधल्या भागात’ एवढ्याने गोष्ट फुटत नाही. फुटली थोडी तरी चालेल.

आईवडिलांचा एक खास प्रकार असतो: ‘मुलाला भुताचं पुस्तक हवंय, पण भीती वाटणार नाही असं द्या.’ मी त्यांना मांजराच्या कथा देत असे.

फॅन्टसीकडे वळू. इथे माणूस ओळखायची खूण दारावरची थाप नसते, नकाशा असतो. जाड फॅन्टसी कादंबरी हातात दिली की बघा, माणूस आधी नकाशाचं पान उघडतो का. काही जण उभ्या उभ्या नद्या आणि डोंगर वाचू लागतात. बाकीचे ते पान वहीचं कोरं पान असावं तसं उलटतात. नकाशावाल्याला टोल्किन द्या, रॉबर्ट जॉर्डन द्या, तो सुखी. दुसऱ्याला तेच दिलं की शंभराव्या पानावर ‘नावंच लक्षात राहत नाहीत’ ही तक्रार येते. तुमच्या तिसऱ्या मित्राची बुद्धी कमी नाही, त्याला फक्त नकाशा नको आहे.

टोल्किनबद्दल आणखी एक सांगावंच लागतं. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) ही तीन पुस्तकं नव्हेत, एक कादंबरी तीन खंडांत छापलेली आहे. पहिला खंड संपला म्हणजे काहीच संपलेलं नसतं. आणि ती सावकाश निघते. वाढदिवसाची मेजवानी होते, अंगठी फ्रोडोकडे येते, आणि तो घराबाहेर पडेपर्यंत गोष्टीतली १७ वर्षं जातात. चित्रपट पाहून आलेल्याला हे आधी सांगितलं नाही तर तो तिसऱ्या प्रकरणात तुमच्या नावाने बोटं मोडतो. धीर कमी असेल तर ‘द हॉबिट’ (१९३७) आधी. त्याचा स्वर गोष्ट सांगणाऱ्या आजोबांचा आहे, आणि एकाच बैठकीत बरंच अंतर कापलं जातं.

नकाशा नको असणाऱ्यांसाठी माझं ठरलेलं पुस्तक म्हणजे उर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८). नकाशा त्यातही आहे, पण तो न बघता चालतं. सुमारे दोनशे पानं. हे सुचवताना मी काय बोलतो ते जसंच्या तसं लिहितो, कारण शिफारस कशी करावी हे तुम्ही विचारलंच आहे:

‘एका बेटावरचा शेळ्या राखणारा मुलगा जादू शिकायला जातो. हुशार आहे आणि गर्विष्ठ आहे. पैजेच्या भरात तो असं काही करतो की एक सावली मोकळी सुटते आणि त्याच्या मागे लागते. पुढचं सगळं पुस्तक म्हणजे तो आणि ती सावली. लढाया नाहीत, राजकारण नाही. भाषा शांत आहे, जुन्या गाथेसारखी, संवाद कमी. पहिली तीस पानं तुम्हाला कोरडी वाटली तर शाळेतल्या पैजेपर्यंत थांबा, तिथेही पकड आली नाही तर सोडून द्या, मी वाईट वाटून घेणार नाही.’

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. सोडायची परवानगी दिली की माणूस पुढे वाचतो. ‘वाचच, तुझं आयुष्य बदलेल’ म्हटलं की पुस्तक उशाशी पडून राहतं, आणि तुमची गाठ पडली की तो नजर चुकवतो. ‘अप्रतिम’, ‘जबरदस्त’, ‘चुकवू नयेच असं’ हे शब्द शिफारशीतून काढून टाका. त्यांतून पुस्तकाबद्दल काही कळत नाही, तुमच्या उत्साहाबद्दल मात्र सगळं कळतं.

जाता जाता मुखपृष्ठाबद्दल. अर्थसीचा नायक गेड तांबूस-तपकिरी कातडीचा आहे, ले ग्विनने तो तसा ठरवून लिहिला; तरी कितीतरी आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर तो गोरा झाला आणि ती त्यावर वैतागली होती. भयकथेच्या मुखपृष्ठांचं तर विचारूच नका. जिथे चित्रावर कवटी आहे तिथे आत बहुधा कवटी नसते. मी काही पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून देत असे आणि ती जास्त फिरत.

सुझॅना क्लार्कची दोन पुस्तकं तुमच्या गटाची दोन टोकं सांभाळतील. ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ (२००४) प्रचंड आहे, तळटीपांमध्ये आणखी गोष्टी आहेत. नकाशावाले त्यात हरवून जातात. ‘पिरानेसी’ (२०२०) लहानसं आहे: अंत नसलेल्या दालनांचं घर, खालच्या मजल्यांत समुद्र, वरच्या मजल्यांत ढग, आणि भरती-ओहोटीच्या वेळा निगुतीने टिपून ठेवणारा एक भला माणूस. हे पुस्तक देताना मी यापुढे तोंड उघडत नाही. भयकथावाले आणि फॅन्टसीवाले दोघांनाही ते आपलं वाटतं, म्हणून मिश्र गटात ते मी आधी काढतो.

मालिकांच्या बाबतीत दोन गोष्टी आधीच सांगायच्या: संपली आहे का, आणि कुठून सुरू करायची. जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या मालिकेचा पहिला खंड १९९६ चा, पाचवा २०११ चा, आणि त्यानंतर वाचक वाट बघताहेत. हे लपवून कुणाला पाच जाडजूड खंडांच्या भरीस घालणं म्हणजे पूल अर्धाच बांधलेला आहे हे न सांगता गाडीत बसवणं. जॉर्डनची ‘व्हील ऑफ टाइम’ १४ खंडांची; लेखक २००७ साली गेला, शेवटचे तीन खंड त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने पुरे केले, २०१३ साली ती संपली. पूर्ण आहे, पण मधल्या काही खंडांत गोष्ट जागच्या जागी चालते. टेरी प्रॅचेटच्या ‘डिस्कवर्ल्ड’मध्ये ४१ कादंबऱ्या आहेत आणि पहिलीपासून सुरुवात करणं ही हौशी लोकांची चूक. पहिल्या दोनांत तो इतर फॅन्टसींची टिंगल करतो. ती समजायला त्या फॅन्टसी वाचलेल्या लागतात. ‘मॉर्ट’ (१९८७) किंवा ‘गार्ड्स! गार्ड्स!’ (१९८९) द्या. ‘मॉर्ट’मध्ये साक्षात मृत्यू एका पोराला उमेदवारीवर ठेवतो. भयकथेच्या कट्टर वाचकालाही हे कारण पुरतं.

सी. एस. लुईसच्या नार्निया मालिकेच्या क्रमावरून लोक हमरीतुमरीवर येतात. आजच्या संचांत गोष्टीच्या काळाप्रमाणे ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ला पहिला क्रमांक देतात, छापून ते आलं १९५५ साली, ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’नंतर (१९५०) पाच वर्षांनी. मी छापल्याच्या क्रमाने देतो. कपाटातून बाहेर पडलेल्या लूसीला बर्फाच्या रानात मधोमध एक रस्त्यावरचा दिवा पेटलेला दिसतो. तो तिथे का, हे आधीच माहीत असेल तर तो नुसता दिवा उरतो.

‘मराठीत फॅन्टसी नाही’ असं तुमच्यापैकी कुणी म्हटलं तर त्याच्यापुढे जीएंची ‘रमलखुणा’ (१९७५) ठेवा. त्यात दोनच दीर्घकथा, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. नाव-गाव नसलेला प्रदेश, राजे, सेविका, भविष्य. नकाशा नाहीच, आणि तो काढायला बसलात तर निराश व्हाल. ज्यांना चमत्कारामागचे नियम नीट समजावून हवे असतात त्यांना हे द्यायचं नाही. ज्यांना ‘पिरानेसी’ आवडलं त्यांना द्यायचं. आणि सगळ्यात जुनं म्हणाल तर सोमदेवाचा कथासरित्सागर, अकराव्या शतकातला. वेताळाच्या पंचवीस गोष्टी त्यात आहेत. राजाचं नाव तिथे त्रिविक्रमसेन आहे. पाठीवर प्रेत, पायाखाली स्मशान आणि कानात गोष्ट, शेवटी कोडं, आणि उत्तर दिलं की प्रेत पुन्हा झाडावर. भय आणि अद्भुत एकाच खांद्यावर. तुमच्या गटातल्या दोन्ही पक्षांना एकत्र बसवायला याहून जुनी सतरंजी मिळणार नाही.

एक सवय मात्र लावून घ्या. कुणी पुस्तक अर्धवट परत केलं तर ‘का नाही आवडलं?’ विचारू नका. त्यावर माणूस कारण शोधतो आणि चुकीचं सांगतो. ‘कुठल्या पानावर सोडलंत?’ विचारा. दहाव्या पानावर सोडणाऱ्याला भाषा अडली. ऐंशीव्या पानावर सोडणाऱ्याला माणसं आपली वाटली नाहीत. शेवटची तीस पानं राहिली असताना सोडणाऱ्याला बहुतेक ते पुस्तक फार आवडलेलं असतं आणि पुढे काय होणार ते त्याला सोसवत नसतं. त्याला त्याच लेखकाचं दुसरं द्या आणि काही बोलू नका.

तुमच्या पुढच्या भेटीसाठी पुस्तक नेऊच नका. एम. आर. जेम्स आपल्या कथा नाताळच्या आदल्या रात्री केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात मित्रांना स्वतः वाचून दाखवायचा. त्यातल्या काही १९०४ च्या पहिल्या संग्रहात आल्या. तुम्हीही ‘द मंकीज पॉ’ मोठ्याने वाचा. ज्यांनी हे उत्तर आधी वाचलं असेल त्यांना वेगळं बसवा. दारावर पहिली थाप पडते त्या ओळीवर थांबा, पुस्तक मिटा आणि पाणी प्यायला म्हणून उठून जा. परत आल्यावर सगळ्यात आधी कोण बोललं आणि काय म्हणालं, ते प्रत्येकाच्या नावापुढे टिपून ठेवा. ती यादी मला पाठवलीत तर कुणाला काय द्यायचं ते मी नावानिशी सांगतो.